मोडलेल्या पुलाचा धडा

अभियांत्रिकी संकल्पन म्हणजे केवळ सूत्रे आणि आकडेमोड नव्हे. उपलब्ध साहित्य, वेळ व पैसा यांच्या मर्यादेत एखादी गरज भागविणारी रचना कल्पिणे, ती घडविणे आणि ती आपले काम खरोखर करते की नाही हे पडताळून पाहणे, या तिन्ही गोष्टींचा त्यात समावेश होतो. विद्यार्थ्यांना या तिन्हींचा अनुभव एकत्रित देण्यासाठी लहानसा पूल हे फार सोयीचे साधन आहे.

प्रयोगाला लागणारे साहित्य अगदी साधे आहे. दोन टेबले अर्ध्या मीटरच्या अंतरावर ठेवावीत. प्रत्येक गटाला आइसक्रीमच्या सारख्याच काड्या, सरस आणि दोरा द्यावा. पूल तयार होऊन सरस पूर्ण वाळला, की त्याचे वजन करावे, त्याच्या मध्यावर बादली टांगावी आणि तीत थोडीथोडी वाळू ओतीत जावे. पूल मोडताच वाळूसह बादली तोलावी. पेललेल्या भाराला पुलाच्या वजनाने भागले, की त्याची गुणवत्ता आकड्यात मिळते. मात्र एक नियम कटाक्षाने पाळावा. वाळू ओतण्यापूर्वी प्रत्येक गटाने आपला पूल कोठे व कसा मोडेल हे कागदावर लिहून ठेवावे.

या नियमातच प्रयोगाचे मर्म आहे. काड्यांचा चौकोन भाराखाली तिरका होतो. त्यात कर्ण बसवून त्रिकोण केले, की तो ताठ राहतो, हे विद्यार्थी लवकर शिकतात. मध्यावर भार आला असता पुलाच्या खालच्या काड्या ताणल्या जातात व वरच्या दाबल्या जातात, हेही त्यांना समजते. तेव्हा खालची काडी तुटेल, असे भाकीत पुष्कळ जण करतात. प्रत्यक्षात बहुधा एखादा सांधा निसटतो, किंवा वरची लांब काडी चिरडण्याच्या पुष्कळ आधीच बाजूला वाकून निकामी होते. ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात दाखविल्याप्रमाणे, अशा सडपातळ दांड्याची आधाराविना असलेली लांबी निम्मी केली, तर त्याची वाकण्याला विरोध करण्याची शक्ती चौपट होते. म्हणजे मध्यावर आडवा आधार देणारी एक छोटी काडी जे साधते, ते सरसाचे जाड थर देऊन साधत नाही.

मोठे अभियंतेही याच मार्गाने शिकले. वेल्समधील मेनाय सामुद्रधुनीवर रेल्वेचा पूल बांधताना रॉबर्ट स्टीव्हन्सन यांच्यापुढे ४६० फुटांचे गाळे ओलांडण्याचा प्रश्न होता. लोखंडी पत्र्यांच्या नळीतून गाडी न्यावी, ही त्यांची कल्पना. परंतु तिला पूर्वीचा दाखला नव्हता. १८४५ पासून विल्यम फेअरबेर्न यांनी गोल, लंबवर्तुळाकार व आयताकृती नळ्या मोडून पाहिल्या. पातळ नळ्यांचा माथा दाबाने सुरकुतून जाई. म्हणून तेथे कप्पे बसविण्यात आले. पुढे एकषष्ठांश मापाची प्रतिकृती करून ती मोडली, दुबळी जागा भक्कम केली आणि ती पुन्हा मोडली. १८५० मध्ये ब्रिटानिया पूल वाहतुकीस खुला झाला.

याच्या उलट उदाहरण कॅनडातील क्वेबेक पुलाचे. त्याच्या मुख्य गाळ्याची लांबी १६०० फुटांवरून १८०० फूट करण्यात आली, परंतु पुलाच्या स्वतःच्या वजनाचे गणित वेळीच नव्याने मांडले गेले नाही. दाब सोसणाऱ्या खालच्या दांड्यांना बाक येत असल्याचे बांधकाम चालू असताना दिसले होते. तो बाक पूर्वीचाच असावा, असाही तर्क लढविण्यात आला. काम थांबले नाही. २९ ऑगस्ट १९०७ रोजी पूल कोसळला आणि ७५ कामगार मृत्युमुखी पडले. वर्गातील काडी ज्या रीतीने वाकते, त्याच रीतीने ते पोलादी दांडे निकामी झाले होते.

म्हणून शिक्षकाने केवळ सर्वाधिक भार पेलणाऱ्या पुलाचे कौतुक करून थांबू नये. मोडलेले तुकडे टेबलावर मांडावेत, आधी लिहिलेले भाकीत वाचावे, दोहोंत अंतर का पडले याची चर्चा करावी आणि प्रत्येक गटाला दुसरा पूल बांधण्यास अवधी द्यावा. पहिला पूल कल्पनेवर उभा असतो, दुसरा पुराव्यावर. आपली रचना कोठे दुबळी आहे हे ओळखणे, आणि दांड्याला बाक दिसताच काम थांबविणे, ही सवय जडली, तर वाळूच्या त्या बादलीने आपले कार्य केले असे समजावे.