माका : ओळख व औषधालयापुरती लागवड

गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्रींत आणि श्राद्धविधीत माक्यास स्थान असल्याने महाराष्ट्रात ही वनस्पती नावाने सर्वपरिचित आहे. ओळख मात्र तितकी पक्की नसते. भृंगराज तैलासाठी आम्ही बाजारातून घेतलेल्या वाळलेल्या पंचांगाच्या पोत्यात अर्ध्याहून अधिक भाग एकदांडीचा निघाला. दोष विक्रेत्याचा होताच. परंतु पोते न उघडता मूल्य चुकते करणारे आम्हीही तितकेच दोषी होतो. त्यानंतर आम्ही माका स्वतः लावू लागलो.

ओळख

भृंगराज, मार्कव, केशराज ही माक्याची संस्कृत नावे. सूर्यफूल व झेंडू यांच्या ॲस्टरेसी कुळातील एक्लिप्टा प्रोस्ट्राटा (पूर्वीचे नाव एक्लिप्टा आल्बा) ही ती वनस्पती होय. पाने समोरासमोर, जवळजवळ बिनदेठाची, भाल्याच्या पात्यासारखी व खरखरीत असतात. आपण ज्यास फूल म्हणतो तो अनेक सूक्ष्म फुलांचा पांढरा गुच्छ असून त्याचा व्यास सुमारे ६ ते ८ मिलिमीटर असतो. ताजा पाला चुरगळला असता रस थोड्याच वेळात काळसर होतो.

एकदांडी अथवा दगडी पाला (ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स) ही मूळची उष्ण कटिबंधातील अमेरिकेची. म्हणून निघंटूंतील भृंगराज ती असू शकत नाही. तिच्या लांब दांडीवर एकच फूल येते. मध्य पिवळा व कडेच्या पाकळ्या फिकट पांढऱ्या असतात. पानांच्या कडा खोल दंतुर असतात. बियांना मऊ केसांचा झुबका असतो. माक्याच्या बियांना तो नसतो. वाळलेल्या मालात ही खूण विशेष उपयोगी पडते.

राजनिघंटूत श्वेत, पीत व नील असे भेद सांगितले आहेत. बाजारातील पिवळा माका ही निराळी वनस्पती असून श्वेत भृंगराजाच्या जागी ती घेऊ नये.

लागवड

माका भातखाचरांच्या बांधांवर व ओढ्याकाठी आपोआप उगवतो. मग तो लावावा कशासाठी? तो गटारांच्या कडेलाही तितकाच जोमाने वाढतो आणि सांडपाण्यातील जड धातू वनस्पतीत उतरू शकतात. औषधी द्रव्यांत शिशाची मर्यादा दशलक्षात १० भाग, तर कॅडमियमची अवघी ०.३ भाग आहे. माल कोठून खुडला हे पोत्यावरून कळत नाही.

पक्व गुच्छ काळसर झाल्यावर बी झटकून घ्यावे. ते उगवण्यास प्रकाश लागतो. म्हणून खोल न पेरता भुसभुशीत, ओलसर वाफ्यावर नुसते विखरावे व झारीने हलके पाणी द्यावे. ज्येष्ठात रोपे तयार करून पाऊस स्थिरावताच साधारण वीतभर अंतराने लावावीत. दोन-तीन पेरांचे खोडाचे तुकडेही ओल्या मातीत मुळे धरतात. जमीन ओलसर, जागा उन्हाची आणि खत चांगले कुजलेले असावे. तणनाशक मारलेल्या शेताचे पाणी वाफ्यात येऊ देऊ नये.

काढणी व उपयोग

फुले येऊ लागताच जमिनीपासून चार बोटे खोड राखून कापावे. पुन्हा फुटवा येतो. पाला स्वच्छ धुऊन त्याच दिवशी स्वरस काढावा. स्नेहपाकात द्रव स्नेहाच्या चौपट घेतात, म्हणजे एक लिटर तेलास चार लिटर स्वरस लागतो. वाळलेल्या पंचांगातून तो मिळत नाही, काढ्यावर भागवावे लागते. ताज्या लागवडीचा खरा लाभ हाच. साठवणीचा पाला सावलीतच वाळवावा.

ज्यांस जमीन नाही त्यांनी औषधालयाच्या दारी निदान एक कुंडी ठेवावी. आमच्याकडे आता माक्याचे प्रत्येक नवे पोते त्या कुंडीशेजारी उघडले जाते आणि पान, फूल व बी ताडून पाहिल्यावाचून मूल्य दिले जात नाही. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधी विक्रेत्यांनी हा प्रघात पाडावा, अशी आमची विनंती आहे.