खांद्यामागचा खळगा

प्रश्न : माझा मुलगा कॉलेजच्या संघातून व्हॉलीबॉल खेळतो. हल्ली त्याच्या उजव्या खांद्यामागे, फऱ्याच्या हाडावर खळगा पडल्यासारखा दिसतो. तो म्हणतो, जरासुद्धा दुखत नाही, स्मॅशही पूर्वीसारखाच बसतो. मग काळजी करावी का? – एक आई, सांगली

उत्तर : काळजीने झोप उडवू नका, पण त्याला डॉक्टरांना जरूर दाखवा. दुखत नाही म्हणून अशी मुलं वर्षानुवर्षं तशीच खेळत राहतात, याचंच मला वाईट वाटतं.

१९८५च्या युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेत इटालियन डॉक्टरांनी ९६ अव्वल खेळाडू तपासले. त्यांतल्या १२ जणांच्या खेळत्या हाताचा, फऱ्याच्या हाडावरचा इन्फ्रास्पायनेटस हा स्नायू अशक्त झालेला होता, आणि कुणाचीच तक्रार नव्हती! या स्नायूला जाणारी नस फऱ्याच्या हाडाच्या कडेला एका खाचेतून एकदम वळते. फ्लोटर सर्व्हमध्ये चेंडू गरगरू नये म्हणून खेळाडू फटका मारताच हात झटकन थांबवतो. तो वेगातला हात अडवण्याचं काम याच स्नायूचं. हजारो सर्व्हमध्ये त्या वळणावर नस ताणली जाते, असं त्या डॉक्टरांचं म्हणणं. नस दुबळी झाली की स्नायू वाळतो आणि खळगा दिसू लागतो. वेदना कळवणारे बहुतेक तंतू त्या वळणाआधीच सांध्याकडे गेलेले असतात, म्हणून दुखत नाही. शेजारचे स्नायू भार उचलतात, म्हणून स्मॅशही बसतो.

खांदा दुखतो तेव्हा कारण बहुधा निराळं असतं. हात डोक्यावर नेताना किंवा रात्री त्या कुशीवर झोपल्यावर कळ येत असेल, तर सांध्याभोवतीच्या स्नायूबंधांना सूज असण्याची शक्यता जास्त.

घरी एक करून पाहा. त्याला कोपर कमरेला टेकवून काटकोनात वाकवायला सांगा आणि तुमच्या हाताच्या विरोधात पंजा बाहेर ढकलायला लावा. डाव्या हातापेक्षा उजवा कमी पडतो का, ते पाहा. जोर सारखाच वाटला तरी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाच. नस किती दुबळी झाली आहे ते ईएमजीत कळतं. सांध्याजवळची एखादी पाण्याची गाठ नसेवर दाबत असेल तर ती एमआरआयमध्ये दिसते. अशी गाठ असेल तर नुसत्या व्यायामाने भागेलच असं नाही, ती काढावीही लागते. तेलमालिशीने यातलं काहीच सुटत नाही. तपासणी होईपर्यंत त्याला फ्लोटर सर्व्हचा सराव बंद ठेवायला सांगा.