दोन पाथ डेड, तरी ‘चालतंय’?

मिरज

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. खुशीत होती. ‘रात्रीचे ते मेसेज त्यानं बंद केले, आता शांत झोपतो,’ म्हणाली. कसले मेसेज म्हणून खोदून विचारलं, तर म्हणाली, ‘चारांतले दोन पाथ डेड आहेत म्हणे, पण चालतंय.’ तिला बिचारीला त्यातलं काय कळणार? मला कळलं, आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

पाथ डेड असताना अलर्ट बंद करतात का रे? होस्टमध्ये दोन एचबीए कार्डं, मध्ये दोन फायबर स्विच, पलीकडे स्टोरेजचे दोन कंट्रोलर, म्हणून प्रत्येक लनला चार पाथ. हे तुला मी सांगायला नको. पण उरलेले दोन कुठून जातात ते पाहिलंस? बहुधा दोन्ही एकाच कार्डातून, एकाच स्विचमधून. राउंड रॉबिन निमूटपणे हजार कमांड या पाथवर, हजार त्या पाथवर टाकत राहील. उद्या कुणी त्या स्विचचं फर्मवेअर बदलायला घेतलं की सगळेच पाथ जातील. ईएसएक्सआय १४० सेकंद वाट बघेल. व्हीएम वरून चालू दिसतील आणि आत लिनक्सच्या फाइल सिस्टिम रीड-ओन्ली होऊन बसतील. तुमचा औषधांचा कारखाना. बॅचच्या नोंदी अर्ध्यावर राहिल्या तर काय सांगणार आहेस?

२४ फेब्रुवारी २०२१ आठवतो? मुंबईत एनएसईचा बाजार ११ वाजून ४० मिनिटांनी थांबला, तो पावणेचारला उघडला आणि संध्याकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. मुख्य केंद्र आणि जवळचं राखीव केंद्र यांच्यामध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन होत्या. वाटेतल्या खोदकामानं दोन्ही डळमळल्या, असं एनएसईनंच नंतर सांगितलं. त्यातून सॅन बिघडली आणि मुख्य केंद्रातल्या सर्व्हरना स्वतःचंच स्टोरेज दिसेना. क्लिअरिंगची जोखीम सांभाळणारी यंत्रणा बंद पडली, म्हणून बाजार बंद. कंपन्या दोन असून भागलं नाही. मी ते वाचलं तेव्हापासून पाथ कधीच नुसते मोजत नाही. कार्ड, स्विच, केबलचा ट्रे, रॅकची वीज, दोघांत सामाईक काय आहे ते आधी शोधतो.

तेव्हा अलर्ट आजच्या आज चालू कर. मग डेड बाजूची केबल दोन्ही टोकांनी बघ. रॅकचं दार लावताना फायबर दुमडली असेल. एसएफपी काढून क्लीनिंग पेननं तोंड पूस. धुळीच्या एका कणानं लाइट पडतो. लेबल एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला भलतंच असेल, तर तेही निस्तर. चारही पाथ आले की होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाक, व्हीएम दुसरीकडे जाऊ देत, आणि स्वतःच्या हातानं एका बाजूची केबल उपस. लन दिसत राहिला पाहिजे. परत लाव, पाथ ॲक्टिव्ह झाला की दुसऱ्या बाजूची उपस. हे केल्याशिवाय मला ‘चालतंय’ म्हणू नकोस.

रागावलो का फार? ताई म्हणत होती, महिनाभर तुला धड झोप नाही, कॉलवर तू एकटाच. झोपेसाठी अलर्ट बंद करावेसे वाटले, तर त्यात तुझा एकट्याचा काय दोष? साहेबांना लेखी कळव की रात्रीची पाळी वाटून हवी आणि जोडीला माणूस हवा. मागायला लाजू नकोस. मी लाजलो. तुझ्या आजोबांची शेवटची दिवाळी मी पुण्यात एका थंडगार सर्व्हर रूममध्ये काढली. कंट्रोलर बदलायचा होता, आणि ते काम येणारा मीच एक, याचा मला तेव्हा केवढा अभिमान! आजोबा माजघरात बसून विचारत होते म्हणे, ‘गाडी आली का?’ ताईनं मला हे किती वर्षांनी सांगितलं.

म्हणून सांगतो, तुमच्याकडे नवी मुलगी आलीये तिला सोबत घे आणि सगळं दाखव. पुढच्या महिन्यात राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं दोन दिवस घरी येऊन जा. आता बंगळुरात मेट्रोची यलो लाइन बोम्मसंद्र्यापर्यंत आलीये, तेव्हा होसूर रोडच्या ट्रॅफिकची सबब चालायची नाही.

केबल उपसशील त्या रात्री मला फोन लावून स्पीकरवर ठेव. मी मध्ये काही बोलणार नाही. आणि त्याआधी पोटभर जेव. ताईनं मेतकूट आणि लसणाची चटणी आजच कुरियर केलीये, भात तेवढा लाव.

तुझा,
मामा