आधी प्रश्न, मग करार

चि. मृणाल,


वनस्पतिशास्त्र विभागात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालीस की शोधनिबंध किती आणि सामंजस्य करार किती, ही विचारणा सुरू होईल. तिच्या मागे धावण्याआधी एकटीला न सुटणारा एक प्रश्न शोध. संशोधक त्या प्रश्नाच्या मागे जाऊन वाढतो आणि सहकारीही त्याला तोच प्रश्न मिळवून देतो.

इनामगावचं उदाहरण बघ. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचं उत्खनन केलं. वरच्या थरांत चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आलेल्या दिसल्या. नुसत्या झोपड्यांवरून कुणी म्हटलं असतं, इथे दुसरेच लोक आले. पण जळके दाणे वनस्पतितज्ज्ञांनी पाहिले, जनावरांची हाडं प्राणितज्ज्ञांनी. माणसांच्या सांगाड्यांवर सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन ल्युकाक्स यांनी मिळून काम केलं. इ.स.पू. १०००च्या सुमारास हवामान कोरडं होत गेलं, शेती आक्रसली, शिकारीवरची भिस्त वाढली, हा पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांचा निष्कर्ष अशा अनेक पुराव्यांच्या मेळातून उभा राहिला. तिथे प्रत्येक सहकारी गरजेतून आला. उलट आधी सही आणि मग विषयाचा शोध, अशा करारातून फाईल जाड होते, ज्ञान नाही.

तू म्हणशील, भागीदारीत गुण वाटले जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण आहेत. म्हणजे दोघांचं मिळून नुकसान नाही. तिघे-चौघे झाले की मात्र मुख्य लेखकाला ७० आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के. म्हणून कोण काय करणार आणि नाव कुठे येणार, हे पहिल्याच बैठकीत लिहून घे. त्यात संकोच करू नकोस. नंतरचा कडवटपणा त्याहून महाग पडतो.

दुसरी शंका अधिक खरी आहे: प्रयोगशाळा नाही, तासिका भरपूर, आणि मोठी संस्था आपल्याला नमुने गोळा करायला वापरेल. साधनांची उणीव भरून काढण्याची वाट आपल्याकडे आखलेली आहे. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था १९८८ साली उभी राहिली ती विद्यापीठांतल्या शिक्षकांनी तिथे येऊन संशोधन करावं आणि आपल्या विद्यार्थ्यांकडे परत जावं यासाठीच. वापरलं जाण्याचा धोका मात्र खरा आहे, आणि तो रिकाम्या हाताने जाणाऱ्याला जास्त. तुझ्या परिसरातल्या झाडांच्या बहराची वर्षानुवर्षांची नोंद तुझ्याकडे असेल, तर ती कुठल्याही यंत्राने मिळत नाही, विकतही मिळत नाही. तासिकांच्या धबडग्यातही आठवड्याला दोन तास देऊन ती ठेवता येते.

म्हणून या सत्रात एवढंच कर: एका कागदावर तुझा प्रश्न लिही आणि तुझं ज्ञान नेमकं कुठे थांबतं, तिथे रेघ मार. रेघेपलीकडचं काम ज्याला येतं, त्याचंच दार ठोठाव. करार त्यानंतर आपोआप होईल, आणि त्याला अर्थ असेल.

तुझा,
काका