जुन्या फॅशनचा नवा पोशाख : कटिंग, कापड आणि कारागिरी

अलीकडे लग्नसराईत आणि ईदच्या खरेदीत एक वेगळीच मागणी आपल्या दुकानांत येऊ लागली आहे. मुलगी येते, सोबत आईच्या लग्नातील साडी किंवा आजीची ओढणी आणते आणि सांगते की, कमीज साठ सालच्या सिनेमातल्यासारखी तंग पाहिजे, खाली फर्शी सलवार पाहिजे, बाह्या मात्र ऐंशीच्या दशकातल्या फुग्याच्या पाहिजेत. म्हणजे एकाच अंगावर तीन-चार दशके! पुष्कळ दुकानदार हसून "होईल, होईल" म्हणतात आणि कापड टेलरकडे पाठवून देतात. पोशाख तयार होतो तेव्हा तो नाटकातल्या सोंगासारखा दिसतो, गिऱ्हाईक नाराज होते आणि दोष टेलरच्या माथी बसतो. वास्तविक दोष कारागिराचा नसतो. कोणत्या काळातून काय उचलायचे हे आधी ठरलेलेच नसते.

आमच्या मते कोणत्याही पोशाखाचा काळ तीन गोष्टींवरून ओळखला जातो : कटिंग, कापड आणि वरचे काम. या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या काळांतून घेता येतात, त्यात काही वावगे नाही. परंतु कटिंग मात्र एकाच काळाचे घरमालक असावे, बाकीचे पाहुणे. दोन कटिंगे एकाच वस्त्रात भांडू लागली की कितीही उंची कापड लावा, पोशाख उभा राहत नाही.

म्हणून प्रथम कटिंगचा इतिहास थोडा पाहू. 1950 च्या सुमारास आपल्याकडे कमीज ढिली, गुडघ्यापर्यंत, आणि सलवार घेरदार असे. लग्नाकार्यात घरारा. 1960 च्या दशकात कमीज आवळली, आखूड झाली, छातीला आणि कमरेला टक्स आले, पाठीला चेन आली आणि खाली चुडीदार आली. 'वक्त' (1965) या चित्रपटात साधना यांनी घातलेली तंग कमीज व चुडीदार घराघरांत पोहोचली. ते पोशाख भानू अथैया यांचे होते. या बाई मूळच्या कोल्हापूरच्या, आणि 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी 1983 साली ऑस्कर मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय. (सिनेमा पाहावा की पाहू नये हा या पानाचा विषय नाही. गिऱ्हाईक सिनेमाच्या नावाने माल मागते, तेव्हा दुकानदाराला नाव ठाऊक असले पाहिजे, एवढेच.) 1970 च्या दशकात गुडघ्यापर्यंत तंग आणि खाली पसरट अशी बेलबॉटम, मोठ्या कॉलरी, मोठमोठी फुले आणि ठिपके. 1973 सालच्या 'बॉबी'नंतर ठिपक्यांच्या कापडाला बॉबी प्रिंट हे नावच पडले. 1980 च्या दशकात अंग पुन्हा ढिले झाले, खांद्यात पॅड शिरले, बाह्या फुगल्या. 1990 च्या दशकात कमीज लांब झाली, जॉर्जेट व शिफॉनचा जमाना आला. 2007 नंतर आखूड कुर्ती आणि पटियाला, मग लेगिंग. आणि 2025 च्या ईदला पुन्हा फर्शी सलवार, जिचा पायघोळ घेर फरशीवर लोळतो म्हणून तिचे हे नाव.

ही उजळणी करताना एक गोष्ट ध्यानात येते. खाली घेर असेल तेव्हा वर आखूड, आणि खाली तंग असेल तेव्हा वर लांब किंवा घेरदार, असाच बहुतेक काळांचा हिशेब आहे. घराऱ्यावर आखूड कुर्ती, चुडीदारवर कळीदार अनारकली, पटियालावर आखूड कमीज. वर तंग आणि खालीही तंग, हा साठच्या दशकाचा अपवाद होय. म्हणून साठ सालची आखूड कमीज फर्शी सलवारीवर छान बसते, पण 1990 ची लांब कमीज त्याच सलवारीवर घातली तर मुलगी कनातीत गुंडाळल्यासारखी दिसते. गिऱ्हाइकाला हे तोंडाने सांगू नये. दोन तागे आरशासमोर धरून दाखवावेत, ते स्वतःच समजून घेते.

आता ज्या जागी सर्वांत जास्त कापड वाया जाते तिकडे येऊ. ती जागा म्हणजे खांदा आणि मुंढा. ऐंशीच्या दशकातील बाही पॅडच्या आधाराने उभी राहत असे. खांदा हाडाच्या बाहेर काढलेला, मुंढा खोल. साठच्या दशकातील कमिजीचा खांदा हाडावरच संपतो आणि मुंढा उंच, काखेलगत असतो. तेव्हा साठची कमीज बेतून तिच्या मुंढ्यात ऐंशीची बाही बसवू गेले तर बाहीचे कापड जास्त होते, टेलर ते कसेबसे चुन्या घालून कोंबतो, आणि हात वर केला की सगळी कमीज वर चढते. खांदा, मुंढा आणि बाहीचा वरचा गोल हे तिन्ही एकाच काळाचे ठेवावेत. फुगाच पाहिजे असेल तर साठच्या मुंढ्यावर बाहीच्या माथ्याला थोडी चुन्नट द्यावी, आतून ताठ जाळीची पट्टी लावावी, पॅड टाळावे. गळा, कफ, दामन आणि चाक मात्र कोणत्याही काळाचे घ्या, ते कोणाशी भांडत नाहीत.

चुडीदारविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण ही विद्या आपल्या हातून निसटत चालली आहे. खरी चुडीदार उरेब कापडाची असते, म्हणजे कापड तिरपे धरून बेतलेली. सुती कापडाला सरळ ओढले तर ते ताणत नाही, तिरपे ओढले तर ताणते. या तिरकसपणामुळेच ती पोटरीला चिकटते आणि तरी बसता-उठता येते. लांबी पायापेक्षा जास्त ठेवतात, ती जास्तीची लांबी घोट्यावर चुड्यांसारखी जमते. यात कापड अधिक लागते आणि बेतायला हात बसलेला असावा लागतो. लेगिंग आल्यापासून हे काम गेले, कारण ताणण्याचे काम आता लायक्राचा धागा करतो. ज्या मास्टरांना उरेब बेतता येते ते आता बहुतेक म्हातारे आहेत. घराऱ्याचेही तसेच. गुडघ्यावर चुन्नट घालून खालचा घेर जोडायचा, जोडावर गोट बसवायची, दोन्ही पायांच्या चुन्या मोजून सारख्या करायच्या, हे साध्या सलवारीच्या वेळात आणि साध्या सलवारीच्या शिलाईत कसे होणार? पोशाखाला जुन्या फॅशनचे नाव देऊन चौपट दाम घ्यायचा आणि मास्टरला मात्र सलवारीचा दर द्यायचा, असे काही दुकानांत चालते. ते आम्हाला मान्य नाही. कटिंगचा दर शिलाईपासून वेगळा लिहावा. मास्टरच्या हाताखाली एखादा मुलगा शिकत असेल तर त्यालाही त्या पोशाखावर बसवावे. उद्या उरेब बेतणारा मिळाला नाही तर ही मागणी आपल्या दुकानातून उठून भलतीकडे जाईल.

कापडाकडे वळू. जुने कापड आले की पहिली परीक्षा घड्यांची. रेशमी साडी वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिली असेल तर ती घडीवर तुटते. उजेडाकडे धरून पाहावे, रेघ पारदर्शक दिसली तर तेथून सुई जाता कामा नये. दुसरी परीक्षा रंगाची. पांढरा कपडा ओला करून कोपऱ्यावर दाबावा, रंग उतरला तर नव्या फिक्या कापडाशेजारी ते लावू नये. तिसरी परीक्षा धाग्याची. शिवणीतला एक धागा काढून जाळावा. सूत कागदासारखे जळते, रेशीम केस जळाल्याचा वास देते आणि त्याची राख चुरगळते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. ही परीक्षा का महत्त्वाची? सूत पाण्यात आकसते, पॉलिएस्टर आकसत नाही. सत्तरच्या दशकातील टेरिलिनला नवे कोरे सुती अस्तर लावले तर पहिल्या धुण्यात अस्तर आत ओढते आणि वर फुगे येतात. अस्तर आधी भिजवून, वाळवून, मगच बेतावे.

पन्ह्याचाही हिशेब करावा. (आमच्या उर्दू शाळेत कापडाच्या रुंदीला 'अर्ज' म्हणत. मराठी कारकुनाला आम्ही कापडाचा अर्ज विचारला तर तो टेबलाचा खण उघडून कागद शोधू लागे.) हातमागाचे पुष्कळसे जुने कापड 36 इंची पन्ह्याचे असते, पॉवरलूमचे 44 इंची. जुन्याशी जोडायचे नवे कापड कमी पन्ह्याचे पडले तर जोड मधोमध येतो. तेव्हा जोड चाकावर किंवा कळीवर न्यावा, तेथे तो दिसत नाही.

जरीबाबत मात्र कडक राहावे. खरी जरी चांदीच्या तारेची, सोन्याचे पाणी दिलेली. तिच्यानंतर तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली, आणि हल्ली बहुतेक मालात पॉलिएस्टरच्या चमकत्या पट्टीची. खरी जरी काळवंडते, पण मरत नाही. तांब्याची घासली की लाल दिसते. पॉलिएस्टरची गरम इस्त्रीखाली आक्रसून जाते, मग ती परत येत नाही. आणि नवी जरी जुनी म्हणून, किंवा मुलाम्याची खरी म्हणून विकणे ही सरळसरळ दगलबाजी आहे. बिलावर काय जुने आणि काय नवे हे लिहून द्यावे.

अड्ड्यावर काम करणाऱ्या कारागिरांसाठी एक सूचना. जुने रेशीम अड्ड्यावर ताणू नका. ताण सहन न होऊन ते घडीवर फाटते. सलमा-सितारा, डबका, कटदाणा, जे भरायचे ते नव्या मलमलवर किंवा नव्या रेशमावर भरावे आणि तो तुकडा कापून जुन्या कापडावर हाताने टाकावा, खाली मलमलचा आधार देऊन. वजन आधाराने पेलावे, जुन्या कापडाने नव्हे. गोटा आणि हातशिलाई घरी करणाऱ्या भगिनींनाही हेच सांगावे : टाका आधाराच्या कापडातून गेला पाहिजे.

आता सगळे एकत्र करून एक पोशाख बेतून पाहू. गिऱ्हाइकाने आईची सत्तरच्या दशकातील बनारसी साडी आणली आहे. साडी साडेपाच मीटर. पोत घड्यांवर गेलेला, पण दोन्ही काठ शाबूत. पाहिजे आहे ती फर्शी सलवार, साठची कमीज आणि ओढणी. पोताचा मोह सोडावा. दोन काठ मिळून 11 मीटर होतात, खरी कमाई तीच. फर्शीच्या एका पायाचा तळघेर दीड मीटर धरला तर दोन्ही पायांना 3 मीटर काठ लागेल. अडीच मीटर लांब आणि एक मीटर रुंद ओढणीला चारी बाजूंनी 7 मीटर. झाले 10. बाहीच्या दोन कफांना अर्धा मीटर. उरला अर्धा मीटर. पदर चांगला असेल तर तो कमिजीच्या पुढच्या पानाला मलमलच्या आधारावर लावावा, चेन पाठीला ठेवावी म्हणजे पुढचे काम कापले जात नाही. सलवारीचे नवे कापड त्याच रंगाचे शोधत बसू नये. पन्नास वर्षांपूर्वीचा लाल आज मिळत नाही, आणि जवळजवळ तसा मिळाला की जुना काठ मळलेला वाटतो. एक-दोन छटा गडद घ्यावा किंवा सरळ वेगळा रंग घ्यावा. सलवारीच्या नेफ्यात नाडाच घालावा. एवढा घेर आणि काठाचे वजन इलास्टिक धरून ठेवत नाही, दोन तासांत खाली उतरते. चप्पल कोणती घालणार हेही माप घेतानाच विचारावे, कारण फर्शीची लांबी टाचेवर ठरते.

यात काळ मोजले तर कमीज साठची, काठ सत्तरचे, सलवार त्याहून कितीतरी जुनी. तरी पोशाख एक दिसतो, कारण काठ वरपासून खालपर्यंत तोच आहे आणि कमीज एकाच काळाच्या हिशेबाने बेतलेली आहे.

पुरुषांच्या पोशाखाबद्दल थोडक्यात. शेरवानीला औरंगाबादी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हिमरूचे किंवा मशरूचे जाकीट चांगले जुळते. मशरूला वर रेशीम आणि अंगाकडे सूत असते, त्यामुळे रेशीम टाळणाऱ्या आपल्या गिऱ्हाइकांत त्याला पूर्वीपासून मान आहे. सत्तरची मोठी कॉलर मात्र शेरवानीच्या बंद गळ्याखाली घालू नये, गळा फुगतो.

शेवटी चिठ्ठीचे. दुसऱ्याचे जुने कापड हाती घेताना दोन प्रती कराव्यात. कापडाची लांबी, काठाची लांबी, आधीपासून असलेली भोके आणि डाग, कोठे कापणार, आणि फाटल्यास जबाबदारी कोणाची हे लिहून दोघांची सही घ्यावी. साडी खऱ्या जरीची असेल तर गिऱ्हाइकासमोर वजन करून आकडा टाकावा. पोशाख देताना उरलेला अर्धा मीटर काठ, पोताचे तुकडे आणि बारीक कातरणसुद्धा पिशवीत बांधून परत द्यावे. त्यात चांदी आहे, आणि ती गिऱ्हाइकाची आहे.