खिशातला चाकू निवडण्याची कृती

खिशात ठेवायला चाकू मागितला की दुकानदार आधी अवजारं मोजून दाखवतो. यात बारा, त्यात अठरा, ह्यात तर पक्कडसुद्धा आहे. त्या आकड्याला भुलून घेतलेला चाकू पंधरा दिवसांत कपाटात जातो, कारण तो खिशाला जड होतो आणि त्यातली निम्मी अवजारं कधी उघडलीच जात नाहीत. निवड कामावरून करायची. हे चाकू घडलेही कामातूनच आहेत. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात जोसेफ ओपिनेलनं 1890 मध्ये बनवलेला लाकडी मुठीचा, एकाच पात्याचा चाकू शेतकऱ्यांच्या आणि मेंढपाळांच्या खिशात गेला, कारण त्यांना कापण्यापलीकडे फारसं काही लागत नव्हतं. स्विस सैन्याला 1891 पासून जो चाकू मिळू लागला, त्यात पात्याबरोबर टोच्या, डबा उघडायचं पातं आणि स्क्रू ड्रायव्हर होता. शिपायाला डबाबंद जेवण उघडायचं होतं आणि नवी रायफल खोलून साफ करायची होती. अमेरिकेचा टिम लेदरमन 1975 मध्ये जुन्या मोटारीतून युरोप फिरत होता. खिशातल्या चाकूला पक्कड नाही, ही अडचण त्याला इतकी जाणवली की परतल्यावर त्यानं तसं अवजार स्वतःच घडवायला घेतलं. ते बाजारात यायला 1983 साल उजाडलं.

कापणं, खोलणं आणि पकडणं. यांतलं तुमचं काम कोणतं, हे कळलं की चाकू जवळजवळ ठरलाच.

लागणारं साहित्य: छोटी वही, स्वयंपाकघरातला वजनकाटा, मोजपट्टी, अर्धा किलो डाळ, एक पिकलेला टोमॅटो, जुनं वर्तमानपत्र. पैसे सगळ्यात शेवटी.

1. आठवडाभर नोंद ठेवा

हाताला अवजाराची गरज भासली की लगेच लिहायचं. काय कापायचं होतं, काय खोलायचं होतं, काय पकडून ओढायचं होतं आणि त्या वेळी कशावर भागवलं. दुधाची पिशवी दातांनी फोडली. कुरियरच्या खोक्यावरची चिकटपट्टी किल्लीनं फाडली. चष्म्याचा ढिला स्क्रू नखानं फिरवून पाहिला. थ्री पिनचं झाकण भाजीच्या सुरीच्या टोकानं उघडलं. खरी यादी या भागवाभागवीच्या कामांची. जंगलात फांदी तोडणं, नदीकाठी मासा साफ करणं वगैरे मनातली कामं वहीत येऊ देऊ नका. घडली तरच लिहा.

आठवडा संपला की प्रत्येक नोंदीपुढे 'का', 'खो' किंवा 'प' असं अक्षर घाला. शहरात नोकरी करणाऱ्याच्या वहीत बहुतेक 'का'च भरतात, आणि त्यांतली बरीचशी कामं पात्यापेक्षा कात्रीची असतात: औषधाची पट्टी, लोंबणारा दोरा, मसाल्याची पुडी, तुटलेलं नख. शेतावर वहीचं रूप बदलतं. सुतळी, ठिबकची नळी, पोत्याचं तोंड, कलमाची काडी, दुपारचा कांदा. जवळजवळ सगळं पात्याचं काम. इलेक्ट्रिशियन, केबल टाकणारे, सायकलवर लांबच्या मोहिमेला जाणारे यांच्याकडे 'प' खरोखर येतो. इतरांच्या वहीत तो आलाच तर सहसा गाडीपाशी येतो, आणि गाडीत पक्कड ठेवायला डिकी असते.

2. कुठे कुठे जाता ते पाहा

ही पायरी बरेच जण गाळतात. भारतात शस्त्र नियमांनुसार 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोजले जातात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू या मापाच्या जवळपासही येत नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्या काळात चाकू जवळ बाळगण्यालाही बंदी घालता येते. सण, निवडणुका, मोर्चे अशा दिवसांत चाकू घरी ठेवलेला बरा. मेट्रो, न्यायालय, मोठी देवस्थानं, जिथे जिथे दारावर तपासणी आहे तिथेही तो नेऊ नये. विमानात केबिनच्या बॅगेत चाकू चालत नाही. चेक-इनच्या सामानात टाका, नाहीतर तो सुरक्षारक्षकाच्या पेटीत जातो आणि परत मिळत नाही.

खटक्याचा चाकू घेऊच नका. बटण दाबताच सटकन उघडणारं पातं आपल्याकडे कामाचं मानलं जात नाही. रामपुरी म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांपुढे पेरू येत नाही, आणि पोलिसाच्या तर नाहीच. स्वसंरक्षणासाठी चाकू घ्यायचा विचार असेल तर ही कृती त्यासाठी नाही. झटापटीत चाकू काढणाऱ्याचाच हात आधी कापला जाण्याची भीती असते.

परदेशातल्या मराठी वाचकांनी तिथला कायदा आधी पाहावा. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय जवळ ठेवायचा असेल तर चाकू घडीचा हवा, पात्याची धार 3 इंचांपेक्षा लांब नको आणि पातं लॉक होणारं नको. लंडनमध्ये राहणाऱ्यांची निवड इथेच बरीचशी होऊन जाते.

3. डाळ खिशात घालून फिरा

वजनाचा आकडा वाचून काही कळत नाही, म्हणून काट्यावर डाळ मोजा. लाकडी मुठीचा, 8.5 सेंटिमीटर पात्याचा ओपिनेल 8 नंबर साधारण 45 ग्रॅमचा असतो. दोन पाती, डबा-बाटली उघडणी, टोच्या आणि बूच काढणी असलेला 91 मिलिमीटर लांबीचा साधा स्विस चाकू 60 ग्रॅमच्या आसपास. पक्कडवालं पूर्ण मापाचं मल्टी-टूल 240 ग्रॅमपर्यंत जातं. तिन्ही वजनांच्या पुड्या बांधा आणि एकेक दिवस एकेक पुडी पँटच्या खिशात ठेवा. लोकलच्या जिन्यावरून उतरा, दुचाकीवर बसा, जमिनीवर मांडी घालून जेवा. 240 ग्रॅमची पुडी संध्याकाळपर्यंत खिशातून बाहेर काढाविशी वाटली, तर पक्कडवाल्या अवजाराची जागा बॅगेत किंवा पट्ट्याला लावायच्या म्यानात आहे हे ठरलं. कुडता किंवा सलवार घालणाऱ्यांना तर 60 ग्रॅमही जाणवतात. त्यांच्यासाठी 58 मिलिमीटरचा, किल्लीच्या जुडग्यात मावणारा, छोटं पातं, कात्री आणि चिमटा असलेला चाकू पुरेसा आहे. त्याचं वजन 20 ग्रॅमच्या जरा वर.

4. टोमॅटो कापून पाहा

ओळखीत कोणाकडे एकपाती आणि अनेक अवजारांचा, असे दोन्ही प्रकार असतील तर एक दुपार मागून आणा. पिकलेल्या टोमॅटोची चकती कापा. एकपाती चाकूचं पातं पातळ आणि मूठ गोल, भरीव. ती मुठीत बसते आणि जोर सरळ पात्यात उतरतो. अनेक अवजारांच्या चाकूत मूठ म्हणजे अवजारांची थप्पी. तिच्या कडा तळहाताला रुततात, आणि पातं थप्पीच्या एका बाजूला असल्यामुळे काप तिरका जातो. तरी स्विस चाकूचं पातं पातळ असतं, फळं नीट कापतं. पक्कडवाल्या अवजाराची पाती बहुधा जाड असतात. त्यानं सफरचंद कापलं की फोड कापली न जाता चिरफाळते. जेवणाचा डबा आणि फळं हाच तुमचा 'का' असेल, तर हा फरक रोज हाताला जाणवेल.

मिटणाऱ्या पात्याबद्दल इथेच सांगतो. जुन्या पद्धतीच्या घडीच्या चाकूत आणि लहान स्विस चाकूत पातं फक्त पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं. कापताना धार खाली दाबली जाते, त्यामुळे धोका नाही. टोकानं भोसकलं किंवा पात्याच्या पाठीवर दाब आला, तर मात्र ते बोटांवर मिटतं. टोचायची, खरवडायची कामं वहीत बरीच असतील तर लॉकचा चाकू घ्या. ओपिनेलला 1955 पासून फिरवायची पोलादी कडी आहे. पातं उघडून ती फिरवली की पातं घट्ट बसतं. इतकं साधं आणि भरवशाचं लॉक मला दुसरं माहीत नाही.

5. आपलं हवामान लक्षात घ्या

कार्बन पोलादाला धार चटकन लागते, पण त्यानं कैरी किंवा लिंबू कापून तसंच ठेवलं तर पातं काळंनिळं पडतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात रात्रीतून गंज धरतं. काळेपणाला घाबरायचं कारण नाही, तो थर पात्याचं थोडंफार रक्षणच करतो. तांबडा गंज मात्र लगेच घासून काढायचा. कापून झालं की पातं पुसायची सवय ज्यांना लागणार नाही, त्यांनी स्टेनलेसच घ्यावं. घाम, खारी हवा आणि विसराळूपणा यांना तेच पुरून उरतं.

लाकडी मुठीची आणखी एक गोष्ट. जुलै-ऑगस्टमध्ये मुठीचं बीच झाडाचं लाकूड ओल धरून फुगतं आणि पातं मुठीत अडकून बसतं. नखानं ओढू नका, नख तुटेल. मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटा, पातं तेवढं बाहेर येतं की चिमटीत धरता येतं. मे महिन्यात, लाकूड कोरडं असताना, पात्याच्या खाचेत आणि बिजागरीजवळ जवसाचं तेल मुरवून ठेवलं तर हा त्रास बराच कमी होतो.

6. आता अवजारं निवडा

वहीतल्या 'खो'च्या नोंदी पुन्हा वाचा. आपल्या घरांत बूच लावलेल्या बाटल्या फार येत नाहीत, म्हणून बूच काढणी नको असं वाटतं. पण ती ओल्या दोरीची किंवा नाडीची घट्ट बसलेली गाठ सोडवते, आणि तिच्या वेटोळ्यात एक बारीक स्क्रू ड्रायव्हर बसवता येतो, जो चष्म्याच्या स्क्रूला बरोबर लागतो. चष्मेवाल्यांनी ती जरूर ठेवावी. घरात फुलीचे स्क्रू जास्त असतील तर बूच काढणीच्या जागी फुलीचा स्क्रू ड्रायव्हर असलेला प्रकार घ्या. पट्ट्याला नवं भोक पाडायला, चपलेचा अंगठा दुरुस्त करायला टोच्या. करवत फक्त डोंगरात जाणाऱ्यांनी घ्यावी. भिंग, पेन, माशाचे खवले काढायचं पातं यांनी जाडी वाढते, बाकी काही होत नाही.

यांतल्या कुठल्याही अवजारानं चालू विजेला हात लावू नका. आतला सांगाडा धातूचा असतो, वरची प्लॅस्टिकची पट्टी 230 व्होल्टपासून वाचवत नाही. मेन स्विच बंद, मगच स्क्रू.

माझं मत विचाराल तर शहरातल्या बहुतेकांना 84 ते 91 मिलिमीटरचा, कात्री असलेला स्विस पद्धतीचा चाकू खिशात आणि साधी पक्कड गाडीच्या डिकीत, एवढं पुरतं. शेतावर, बागेत, स्वयंपाकात किंवा प्रवासात मुख्यतः खाण्यासाठी चाकू वापरणाऱ्यांनी एकपातीच घ्यावा. त्या कापण्यातलं सुख दुसऱ्या कशात नाही. पक्कडवालं अवजार ज्यांच्या वहीत 'प' रोज येतो त्यांचं. त्यांच्या हातात ते शोभतं आणि पैसेही वसूल करतं.

7. दुकानात हात लावून पाहा

पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट अशा हत्यारांच्या बाजारात जाऊन चाकू हातात घ्या. प्रत्येक अवजार उघडा. नखाच्या खाचेत बोट ओलं करून घालून पाहा, तरी उघडलं पाहिजे. डावखुऱ्यांनी डाव्या हातानं उघडून पाहावं, खाच बहुतेकदा उजव्या हाताच्या सोयीनं पाडलेली असते. उघडं पातं पाठीकडून चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवा. किंचितही खडखडलं तर परत ठेवा. मिटताना पातं मधोमध जातं का, कडेच्या पत्र्याला घासतं का, ते उजेडात धरून बघा. कात्रीनं वर्तमानपत्र टोकापर्यंत कापून पाहा, नकली कात्री टोकाशी कागद दुमडते. लाल मूठ आणि क्रॉस पाहून अस्सल समजू नका. स्विस चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्सच्या अस्सल चाकूत मोठ्या पात्यावर, मुठीलगत, कंपनीचं नाव कोरलेलं असतं.

8. वापर आणि धार

दोन पाती असतील तर पहिल्याच दिवशी वाटणी करा. मोठं पातं खाण्याचं, लहान पातं खोक्यांचं. चिकटपट्टीचा गोंद पात्याला लागला की तो पुढच्या पेरूला लागतो.

रस्त्यावर चाकावर धार लावून देणाऱ्याकडे खिशातला चाकू देऊ नका. जोरानं फिरणाऱ्या चाकावर बारीक पातं तापतं, त्याचं पाणी उतरतं आणि दोनचार वेळांत पातं झिजून अरुंद होतं. घरी बारीक दाण्याचा दगड ओला करून घ्या. पातं साधारण 12 मिलिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून 4 मिलिमीटर उचला. कोन 20 अंशांच्या आसपास येतो. तोच कोन राखून, दगडावरून पातळ साल काढायची असल्यागत धार पुढे ढकला. एका बाजूला पुरेसं घासलं की दुसऱ्या बाजूला नखाला अडणारी बारीक कड लागते. ती मुठीपासून टोकापर्यंत जाणवली की पातं उलटा. शेवटी दोन्ही बाजू आलटून पालटून, अगदी हलक्या हातानं. दगड नसेल तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाची बिनचकाकीची कडही चालते.

महिन्यातून एकदा चाकू कोमट पाण्यात धरून सगळी अवजारं उघडमीट करा. खिशातला कापूस आणि घामाचं किटण सुटून येतं. पूर्ण वाळवा आणि बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल नको. ते थंडीत गोठतं आणि काही दिवसांनी चिकट होऊन अवजारं जाम करतं. खाण्याचं पातं पुन्हा वापरण्याआधी साबणानं धुवा. बिजागरीबाहेर आलेलं तेल कापडानं पुसून घ्या, नाहीतर खिशातली सगळी धूळ तिथेच जाऊन बसते.