संगणकाचें जलशीतन: भागांची निवड

संगणक जितकी वीज घेतो तितकी जवळजवळ सर्व शेवटीं उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. विहिरीवरच्या पंपास दिलेल्या विजेनें निदान पाणी तरी वर चढतें. परंतु प्रोसेसर १२० वॅट वीज घेऊन जीं गणितें करतो, त्यांच्याबरोबर १२० वॅट उष्णताहि आपल्या पदरांत टाकतो, आणि तीहि नखाएवढ्या जागेंतून. ही उष्णता वेळेवर काढून नेली नाहीं तर यंत्र प्रथम आपला वेग कमी करतें व पुढें स्वतःच बंद पडतें. ती काढण्याचे मार्ग दोन: एक वाऱ्याचा, दुसरा पाण्याचा. वरच्या वर्गांतील मुलें या दुसऱ्या मार्गाविषयीं फार विचारतात, आणि त्यांचे पालक त्याच्या खर्चाविषयीं. दोघांसहि उपयोगी पडावा अशा बेतानें हा पाठ लिहिला आहे.

पाण्याच्या अंगीं उष्णता वाहून नेण्याचा गुण विलक्षण आहे. एक किलो पाणी एक अंशानें तापविण्यास सुमारें ४१८६ ज्यूल लागतात. आणि सारख्याच आकारमानाची हवा व पाणी घेतल्यास पाणी हवेच्या सुमारें साडेतीन हजारपट उष्णता सामावून घेतें. म्हणूनच मोठ्या यंत्रांस पाण्याचा आश्रय करावा लागतो. पुण्यास पाषाण येथील आयसर संस्थेंत २०१९ सालीं सी-डॅकनें उभारलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकांत प्रोसेसरच्या पाठीवरच पाणी खेळविण्याची योजना केली होती. घरच्या संचांतहि तेंच घडतें, प्रमाण लहान इतकेंच. प्रोसेसरवर बसविलेल्या तांब्याच्या ब्लॉकांत पाणी तापतें, नळीनें रेडिएटरांत जातें, तेथें पंखे त्याची उष्णता खोलींतील हवेस देतात, आणि पंप तेंच पाणी पुन्हां ब्लॉकाकडे लोटतो.

उष्णता अखेर खोलींतील हवेसच द्यावयाची आहे, हें नीट ध्यानांत घ्यावें. म्हणजे या संचांतील पाणी खोलीपेक्षां थंड कधींहि होणार नाहीं हेंहि ओघानेंच आलें. माठांतलें पाणी हवेपेक्षां थंड होतें, कारण माठ पाझरतो, आणि पाझरलेल्या पाण्याची वाफ होतांना ती उष्णता बरोबर घेऊन जाते. आपला संच माठ नव्हे. तो पाझरूं लागला तर घातच झाला! मे महिन्यांत आपल्या कोनगांवांत खोलीचें तापमान ३५ अंश असलें तर पाणी ४५ अंशांच्या आसपास राहील, व तेवढें साधलें तरी संच उत्तम समजावा. कोणी विचारील, टांकी बर्फांत बुडविली तर? तर खाडीकांठच्या दमट हवेंतील बाष्प थंड नळ्यांवर घामासारखें जमेल आणि खालच्या मदरबोर्डावर ठिबकेल.

आतां भागांकडे वळूं. गेल्या वर्षीं एका माजी विद्यार्थ्यानें आपली यादी मजकडे तपासावयास आणली. मुलगा संगणकावर चलच्चित्रें तयार करण्याचें काम शिकत आहे, व त्यावरच पुढें उपजीविका करण्याचा त्याचा मानस आहे. वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात आणि दिवसां त्याच एका खोलींत निजतात. यंत्रावर काम चढलें कीं पंख्यांचा घोंघाट असा होई कीं वडिलांस झोंप म्हणून लागत नसे. पाण्याच्या संचांत मोठे पंखे सावकाश फिरवितां येतात व आवाज पुष्कळ कमी होतो; तेव्हां त्याची गरज खरी होती, केवळ हौस नव्हती. पैसे मात्र थोडे, आणि तेहि घरानें पोटास चिमटा घेऊन साठविलेले. यादींत प्रोसेसरसाठीं एक व ग्राफिक्स कार्डासाठीं एक असे दोन तांब्याचे ब्लॉक होते. रेडिएटर स्वस्त मिळतो म्हणून ॲल्युमिनियमचा. शिवाय टणक पारदर्शक नळ्या, रंगीत द्रव आणि चमकणारे दिवे.

यांतील रेडिएटराची ती एक ओळ सगळा संच नासावयास पुरेशी होती. तांब्याचा व जस्ताचा पत्रा मिठाच्या पाण्यांत बुडवून तारेनें जोडला कीं वीज वाहते, हें प्रयोगशाळेंत तुम्ही पाहिलेंच आहे. व्होल्टा यानें १८०० सालीं आपली विजेची रास याच गुणावर रचली. त्या प्रयोगांत जस्त हळूहळू झिजतें. जस्ताच्या जागीं ॲल्युमिनियम असलें तरी परिणाम तोच. एकाच पाण्यांत तांबें व ॲल्युमिनियम आलीं, आणि धातूच्या पेटीमुळें किंवा अन्य मार्गानें त्यांचा संबंध जुळला, कीं आपण संगणकाच्या पोटांत एक बॅटरीच बांधली असें होतें. संबंध न जुळला तरी पाण्यांत उतरलेले तांब्याचे कण ॲल्युमिनियमवर बसून तेंच काम करतात. ॲल्युमिनियम झिजून त्याचा पांढुरका गाळ होतो, तो ब्लॉकांतील केंसासारख्या बारीक खांचांत अडकतो, पाणी अडतें, आणि कांहीं महिन्यांनीं रेडिएटरास छिद्रहि पडतें. ॲल्युमिनियम ही धातु वाईट असें मात्र समजूं नये. उष्णता वाहण्यांत तांबें तिच्याहून सुमारें पावणेदोनपट सरस आहे खरें, परंतु सर्वच भाग ॲल्युमिनियमचे असले तरी संच चालतो. खोटें आहे तें मिश्रण. तांबें, पितळ व निकेलचा मुलामा हीं एका घरचीं. ॲल्युमिनियमला त्यांत घेऊं नये. बाजारांत जे तयार बंद संच मिळतात त्यांपैकीं बहुतेकांत या दोन्ही धातु असतात, हें एका चतुर मुलानें मला दाखवून दिलें. तें खरेंच आहे. पण तेथें कारखानदार झीज रोखणारीं द्रव्यें मोजून घालतो व झांकण कायमचें बंद करतो. आपण घरीं उघडतों, भरतों, पुन्हां उघडतों. तितका नेम आपल्याकडून राहत नाहीं.

रेडिएटर केवढा घ्यावा, यासाठीं प्रथम उष्णतेची बेरीज करावी. प्रोसेसरचे १२० वॅट व कार्डाचे १६० मिळून २८० वॅट झाले. स्थूल हिशेब असा कीं, १२० मिलिमीटरच्या एका पंख्याइतका रेडिएटर, पाणी हवेहून दहा अंश ऊन असतां, सुमारें १०० वॅट उष्णता काढतो. म्हणजे तीन पंख्यांचा, ३६० मिलिमीटरचा रेडिएटर हवा. आमच्या विद्यार्थ्याच्या यादींत दोन पंख्यांचा होता. त्यानें काम अडलें नसतें, पण पाणी चारपांच अंश अधिक तापलें असतें, आणि पंखे वेगानें फिरवावे लागून झोंपेचा प्रश्न जेथल्या तेथेंच राहिला असता.

येथें भिवंडीकडच्या लोकांनीं एक गोष्ट विशेष पाहावी, जी परदेशी पुस्तकांत सहसा आढळत नाहीं. आपल्या हवेंत मागांवरून उडालेले कापसाचे तंतु असतात. ज्या रेडिएटराचे पत्रे फार दाट, इंचामागें वीस किंवा अधिक, तो पाहतां पाहतां गादीसारखा भरतो. इंचामागें दहा-बारा पत्रे असलेला घ्यावा, पुढें धुतां येईल अशी जाळी लावावी, व ती आठवड्यास झटकावी.

पंप व नळ्या यांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. पंप कधींहि कोरडा फिरतां कामा नये. म्हणून टांकी त्याच्याहून वर व त्याच्या अगोदर असावी. नळीचा आंतला व बाहेरला व्यास जोडाच्या मापाशीं तंतोतंत जुळावा. नुसती ‘बसते’ म्हणणाऱ्या दुकानदाराचें ऐकूं नये. प्रथम कोणता भाग व नंतर कोणता, यावर मुलें तासन्‌तास वाद घालतात. मिनिटास चार लिटर पाणी वाहत असेल तर २८० वॅटांनीं तें एका फेरींत अवघें एक अंश तापतें. गणित स्वतः करून पाहावें. तेव्हां नळी जेथें कमी वळेल तोच क्रम चांगला.

पाणी नळाचें नको. त्यांतील क्षार गीझरमध्यें जसे थर धरतात तसे येथेंहि धरतील. शुद्ध केलेलें ऊर्ध्वपातित पाणी घ्यावें, व शेवाळ न धरावें म्हणून त्यासाठीं मिळणारें औषध सांगितलें असेल तितकेंच घालावें. रंगीत द्रवांतील कांहींचा रंग खालीं बसून ब्लॉकांत साचतो. शोभेपलीकडे त्याचा उपयोग कांहीं नाहीं.

लूकच्या शुभवर्तमानांतील बुरूज बांधणाराचा दाखला त्या मुलास ठाऊक होता, म्हणून मला अधिक सांगावें लागलें नाहीं. त्यानें दिवे, रंगीत द्रव व टणक नळ्या यादींतून खोडल्या. साध्या, काळ्या, लवचिक नळ्या घेतल्या, ज्यांत उजेड न शिरल्यामुळें शेवाळहि कमी धरतें. त्यांतून वांचलेल्या पैशांत तांब्याचा तीन पंख्यांचा रेडिएटर जवळजवळ बसला. उरलेल्या भरीसाठीं तो दीड महिना थांबला.

जोडणी झाल्यावर संगणक लगेच चालूं करूं नये. मदरबोर्ड व कार्ड यांच्या विजेच्या तारा काढून ठेवून, जाणत्या मनुष्याच्या देखरेखीखालीं, केवळ पंपास वीज द्यावी. प्रत्येक सांध्याखालीं टीपकागद ठेवून पाणी चोवीस तास फिरूं द्यावें. हवेचे बुडबुडे निघून जातात तशी टांकींतील पातळी थोडी उतरते, ती भरावी. ती गळती नव्हे. कागद ओला दिसला तर पंप थांबवून तो सांधा उघडावा, आंतली रबरी कडी दुमडली आहे कीं काय तें पाहावें, आणि चोवीस तास पुन्हां पहिल्यापासून मोजावे.